उबुंटूवर चालतं, राउटरवर का नाही? सी लायब्ररीतल्या, पण प्रमाण सीमध्ये नसलेल्या फंक्शनांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा. चोपडा तालुक्यातल्या एका जिनिंगसाठी एका तरुण मित्राने वजनकाट्याचा प्रोग्राम सी भाषेत लिहिलाय. इंडिकेटरकडून सिरियल पोर्टवर येणारं वजन वाचायचं, भरलेल्या गाडीतून रिकाम्या गाडीचं वजन वजा करायचं, पावती छापायची आणि दिवसभराच्या नोंदी लावून ठेवायच्या. उबुंटूच्या पीसीवर हे सगळं नीट चाललंय. पण काट्याच्या केबिनमध्ये धूळ, कापसाचा भुगा आणि एप्रिल-मेचं ऊन यांत पीसी टिकत नाही. म्हणून मालकाला तोच प्रोग्राम ओपनडब्ल्यूआरटीच्या (राउटरवर चालणारं लिनक्स) छोट्या बोर्डावर हवाय, आणि हिशेबनिसाच्या विंडोज मशीनवरही. कोडमध्ये स्ट्रएलकॉपी (स्ट्रिंगची नक्कल करणारं), एएसप्रिंटएफ (लागेल तेवढी मेमरी घेऊन मजकूर रचणारं), क्यूसॉर्ट_आर (क्रम लावणारं), स्ट्रएरर_आर (चुकीचं कारण मजकुरात देणारं), बेसनेम (पाथमधलं शेवटचं नाव देणारं) ही फंक्शनं जागोजागी वापरलीत. "हे सगळं उपटून शुद्ध प्रमाण सीमध्ये लिहू, की जागोजागी 'इफडेफ लिनक्स' (लिनक्स असेल तरच हा कोड घ्या, अशी अट) लावू, की ग्नूलिब (अशा पर्यायी फंक्शनांचा तयार संग्रह) घेऊ?"

भाऊ, मधला, 'इफडेफ'चा मार्ग आधी बाद करा. 'लिनक्स' हा मॅक्रो तुम्हाला फक्त कर्नल कोणता ते सांगतो, सी लायब्ररी कोणती ते नाही. उबुंटूवर ग्लिबसी असते, ओपनडब्ल्यूआरटीवर २०१५ पासून मसल, अँड्रॉइडवर बायोनिक. तिन्हींचं कर्नल लिनक्सच. बरं, मसल ओळखायला एखादा मॅक्रो असेल म्हणून शोधाल तर तोही नाही. मसलच्या लोकांनी तो मुद्दाम ठेवलेला नाही. त्यांचं म्हणणं असं, की लायब्ररीचं नाव विचारू नका, हवी ती सोय आहे का ते तपासा. मला हे पटतं. कारण 'अमुक सिस्टिमवर तमुक फंक्शन नाही' हे वाक्य दोन-चार वर्षांत शिळं होतं. स्ट्रएलकॉपीचंच बघा. ओपनबीएसडीवाल्यांनी १९९८ मध्ये ते आणलं, मसलमध्ये ते आहे, आणि ग्लिबसीने मात्र वर्षानुवर्षं नाही म्हणून शेवटी २०२३ मध्ये २.३८ आवृत्तीत घेतलं. म्हणजे उबुंटू २२.०४ वर ते नाही, २४.०४ वर आहे, आणि तुमच्या त्या चिमुकल्या राउटरवर आधीपासूनच आहे. 'लिनक्सवर नाही' असं गृहीत धरून ज्यांनी स्वतःचं स्टॅटिक स्ट्रएलकॉपी त्याच नावाने लिहिलं होतं, त्यांचं कंपाइल ग्लिबसी बदलताच अडलं, कारण स्ट्रिंग.एचमध्ये त्याच नावाचं डिक्लरेशन येऊन बसलं.

यातून पहिला नियम निघतो: पर्यायी फंक्शन लिहाल ते मूळ नावाने कधीच लिहू नका. काटा_स्ट्रएलकॉपी, काटा_एएसप्रिंटएफ, असं आपलं उपपद लावा आणि बाकीच्या कोडमध्ये फक्त तीच नावं वापरा. आत मूळ फंक्शन वापरायचं की स्वतःचं, हे एकाच फाइलमध्ये ठरू द्या. तसंही 'स्ट्र' आणि त्यापुढे लहान लिपीतलं अक्षर अशी सुरुवात असलेली नावं सीच्या प्रमाणाने भविष्यातल्या लायब्ररीसाठी राखून ठेवलीच आहेत.

आता खरी गोम. जे फंक्शन मुळातच नाही, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही. लिंकर बोंब मारतो, आपण पर्याय लिहितो, विषय संपतो. काळजी असते ती नाव तेच पण स्वभाव वेगळा अशा फंक्शनांची. पाचोऱ्याच्या एसटी स्टँडवर नुसतं 'पिंपळगाव' म्हटलं तर कंडक्टर विचारतो तरी, की कोणतं, हरेश्वर का? कंपाइलर विचारत नाही, तिकीट फाडून मोकळा होतो.

तुमच्या यादीतलं स्ट्रएरर_आर घ्या. सिरियल पोर्ट उघडला नाही तर कारण छापायला तुम्ही ते वापरलंय. पोझिक्सचं, म्हणजे युनिक्स-घराण्याच्या प्रमाणातलं, स्ट्रएरर_आर तुम्ही दिलेल्या बफरमध्ये मजकूर भरतं आणि इंट परत देतं. ग्लिबसीमध्ये _ग्नू_सोर्स (ग्नूच्या जादा सोयी उघडणारा मॅक्रो) लावला की त्याच नावाचं दुसरंच फंक्शन मिळतं. ते मजकुराचा पॉइंटर परत देतं आणि तुमच्या बफरला बहुधा हातही लावत नाही. मसलमध्ये फक्त पोझिक्सचं आहे. म्हणजे 'फंक्शन बोलवा, मग बफर छापा' असं लिहिलं तर राउटरवर बरोबर, उबुंटूवर बफरमध्ये आधीचा कचरा. 'परत आलेलं छापा' असं लिहिलं तर उबुंटूवर बरोबर आणि राउटरवर यशाचा शून्य हाच पत्ता म्हणून छपाईला जातो. शिवाय ही ओळ चालते फक्त चूक झाली तरच. पोर्ट रोज उघडतो तोवर काही कळत नाही, आणि ज्या दिवशी केबल निघते, गाड्यांची रांग लागते, त्याच दिवशी चूक सांगणारा कोडच दगा देतो.

यावर युक्त्या बऱ्याच आहेत. मला आवडते ती साधी: त्या एका फंक्शनसाठी वेगळी छोटी सी फाइल करा. तिच्यात सगळ्या हेडरच्या आधी _ग्नू_सोर्स अनडिफाइन करा, _पोझिक्स_सी_सोर्स ला २००११२एल किंमत द्या आणि आपलं काटा_चूकसंदेश फंक्शन लिहा. त्या फाइलपुरता सगळीकडे पोझिक्सचाच स्वभाव मिळतो. विंडोजसाठी त्याच फाइलमध्ये स्ट्रएरर_एसचा पर्याय, तिथे बफर पहिला आणि एररचा क्रमांक शेवटी जातो, एवढं सांभाळा. कॉन्फिग.एचमध्ये _ग्नू_सोर्स असेल तर ती फाइल इथे घेऊ नका किंवा घेतल्यावर लगेच अनडिफाइन करा. हे फीचर मॅक्रो पहिल्या हेडरच्या आधी लागले तरच उपयोग, नंतर लावून काही होत नाही. म्हणून बाकी सगळ्या फाइलींसाठी ते मेकफाइलमधूनच द्यावेत.

क्यूसॉर्ट_आर त्याहून वाईट. नोंदी गाडी क्रमांकाने किंवा वेळेने लावायला तुम्ही ते घेतलंय, तुलना करणाऱ्या फंक्शनला सोबत संदर्भ द्यायचाय म्हणून. ग्लिबसीत आधी तुलना-फंक्शन येतं, मग संदर्भ. मॅकवर आणि फ्रीबीएसडीच्या १४ च्या आधीच्या आवृत्त्यांत आधी संदर्भ, मग तुलना-फंक्शन, आणि त्या तुलना-फंक्शनलाही संदर्भ पहिला मिळतो. विंडोजच्या क्यूसॉर्ट_एसमध्ये बाहेरचा क्रम ग्लिबसीसारखा आणि आतला बीएसडीसारखा! आणि गंमत अशी, की संदर्भाचा पॉइंटर व्हॉइड प्रकारचा असेल तर क्रम उलटा दिला तरी जीसीसी कंपाइलर पेडँटिक पर्याय लावल्याशिवाय हूं की चूं करत नाही. प्रोग्राम तुमच्या डेटाच्या पत्त्यावरच उडी मारतो आणि आपटतो. मसलमध्ये हे फंक्शन २०२२ च्या १.२.३ आवृत्तीपासून आहे, त्याआधीच्या ओपनडब्ल्यूआरटीवर नाहीच. २०२४ च्या पोझिक्सने ग्लिबसीचा क्रम प्रमाण केलाय खरा, पण मॅकवर क्रम जुनाच.

माझा सल्ला: क्यूसॉर्ट_आर सोडा. हंगामाच्या भरातही एका काट्यावरच्या दिवसाच्या नोंदी अशा किती असणार? तीस-चाळीस ओळींचा मर्ज सॉर्ट स्वतः लिहा, त्याला संदर्भाचा पॉइंटर द्या, तो सगळीकडे सारखाच वागेल. फुकटचा फायदा म्हणजे तो स्थिर असेल, सारख्या वेळेच्या दोन नोंदी आपला क्रम सोडणार नाहीत. क्यूसॉर्टने तशी हमी कधीच दिलेली नाही.

बेसनेमबाबतही हेच. लिबजेन.एच घेतलंत तर पोझिक्सचं मिळतं. ते दिलेली स्ट्रिंग बदलू शकतं, म्हणजे स्ट्रिंग लिटरल दिलंत तर प्रोग्राम पडू शकतो. ते हेडर न घेता _ग्नू_सोर्ससोबत स्ट्रिंग.एच घेतलंत तर ग्नूचं मिळतं. ते काही बदलत नाही, पण पाथच्या शेवटी तिरकी रेघ असेल तर रिकामी स्ट्रिंग देतं. '/नोंदी/पावत्या/' दिल्यावर एक म्हणतं 'पावत्या', दुसरं म्हणतं काहीच नाही. स्ट्रआरसीएचआर (स्ट्रिंगमध्ये शेवटून अक्षर शोधणारं फंक्शन) वापरून आपलं लिहा. विंडोजची उलटी रेघ तशीही तुम्हालाच सांभाळायची आहे.

स्ट्रएलकॉपी मात्र ठेवा, चांगलं फंक्शन आहे, पर्याय दहा ओळींत होतो. फक्त त्याची परत येणारी किंमत बघा. ते मूळ स्ट्रिंगची पूर्ण लांबी परत देतं. ती बफरच्या मापाइतकी किंवा जास्त असेल तर मजकूर कापला गेलाय. मराठीत याला जास्त महत्त्व आहे. पावतीवर शेतकऱ्याचं नाव देवनागरीत छापता ना? यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, आणि काना-मात्रा-हलंत हीसुद्धा वेगळी चिन्हं. 'ज्ञानेश्वर' ही दहा चिन्हं, तीस बाइट. चोवीस बाइटच्या बफरमध्ये स्ट्रएलकॉपी तेवीस बाइट घालतं: सात पूर्ण चिन्हं, 'ज्ञानेश' पर्यंत, आणि पुढच्या हलंताचे तीनपैकी दोन बाइट. छापल्यावर शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह येतं. हा लायब्ररीचा दोष नाही, तिला अक्षरं कळत नाहीत, बाइट कळतात. आपल्या काटा_ फंक्शनमध्ये कापताना मागे येत यूटीएफ-८ चिन्हाच्या सुरुवातीवर थांबायची सोय करून टाका. उपपद लावून वेगळं फंक्शन केल्याचा फायदा इथे दिसतो: मूळ फंक्शनपेक्षा आपल्या कामाचं थोडं शहाणपण त्यात घालता येतं.

छपाईचं निघालंच आहे म्हणून. प्रिंटएफमध्ये टक्क्यानंतर अवतरणाची खूण दिली की अंकांचे गट पडतात. ग्लिबसीवर भारतीय इंग्रजीचं लोकेल असेल तर रक्कम १,२३,४५,६७८ अशी लाख-कोटीत येते. बघून बरं वाटतं. मसलमध्ये तीच खूण मुकाट्याने दुर्लक्षली जाते आणि आकडे सलग येतात. विंडोजचा तर तिला आधारच नाही. हिशेबनिसाला स्वल्पविराम हवेतच, तेव्हा ते आपण घाला, लोकेलच्या भरवशावर राहू नका.

एएसप्रिंटएफसाठी दोन गोष्टी. एक, फसलं का ते परत आलेल्या उणे एकवरून ठरवा. पॉइंटर शून्य होतो का यावर विसंबू नका, काही लायब्ऱ्या करतात, काही तसाच सोडतात. दुसरी, विंडोजसाठीचा पर्याय व्हीएसएनप्रिंटएफ दोनदा बोलावून लिहाल, आधी लांबी मोजायला आणि मग भरायला. ते व्हिज्युअल स्टुडिओ २०१५ पासून ठीक चालतं. त्याआधी मायक्रोसॉफ्टच्या लायब्ररीत अधोरेषेवालं _एसएनप्रिंटएफ होतं, जे बफर भरला की शेवटचा शून्य बाइटच घालत नसे. जुन्या कोडमध्ये 'एसएनप्रिंटएफ म्हणजे _एसएनप्रिंटएफ' असा डिफाइन सापडला तर तो आधी खोडा. आणि दोनदा बोलावताना व्हीए_कॉपी, म्हणजे अर्ग्युमेंटांच्या यादीची नक्कल, विसरू नका.

आता तपासायचं कसं. बिल्डच्या आधी सिस्टिम तपासणारी साधनं आहेत, ऑटोकॉन्फ, सीमेक, मेसन, काहीही घ्या, पण एक फरक डोक्यात ठेवा: फंक्शन लायब्ररीत असणं वेगळं आणि तुमच्या मॅक्रोंसह हेडरमध्ये दिसणं वेगळं. ऑटोकॉन्फची नेहमीची फंक्शन-तपासणी स्वतःचंच खोटं डिक्लरेशन करून लिंक होतं का एवढं बघते. तुम्ही कडक सी९९ वर कंपाइल करत असाल तर मेममेम (मेमरीत बाइटांची मालिका शोधणारं फंक्शन) ग्लिबसीत सापडेल, पण हेडर ते दाखवणार नाही. मग जीसीसी १३ पर्यंत काय व्हायचं, की फक्त इशारा, आणि फंक्शन इंट परत देतं असं गृहीत. ६४ बिटच्या मशीनवर आठ बाइटचा पॉइंटर चार बाइटचा होऊन परत येतो, वरचा अर्धा भाग गेलेला. कधी चालतं, कधी सेगमेंटेशन फॉल्ट. म्हणून ऑटोकॉन्फमध्ये डिक्लरेशनचीही तपासणी घ्या आणि सीमेकमध्ये फंक्शन-तपासणीऐवजी सिंबॉल-तपासणी, जी हेडरसकट बघते. तपासताना मॅक्रो तेच द्या जे प्रत्यक्ष कंपाइलला देता.

जीसीसी १४ आणि क्लँग १६ पासून डिक्लरेशनविना फंक्शन बोलावणं ही सरळ चूकच ठरते, हे उत्तम झालं. पण त्याची एक उलटी बाजू आहे. जुन्या कॉन्फिगर स्क्रिप्टमधले काही तपासणी-प्रोग्राम स्वतःच हेडर न घेता लिहिलेले असतात. नव्या कंपाइलरवर ते कंपाइल होत नाहीत, आणि स्क्रिप्ट शांतपणे 'फंक्शन नाही' असं लिहून पुढे जाते. असलेली सोय नाही ठरते. कुठून तरी उचललेली जुनी स्क्रिप्ट असेल तर कॉन्फिग.लॉग उघडून 'नाही' का आलं ते एकदा वाचाच.

राउटरसाठी क्रॉस-कंपाइल करताना तपासणी-प्रोग्राम चालवून बघता येत नाही, कारण तो त्या बोर्डाचा असतो, तुमच्या पीसीचा नाही. मग ऑटोकॉन्फ अंदाज बांधतं, आणि तो बहुधा वाईटाकडे झुकतो. 'आरपीएल_मॅलॉक सापडत नाही' अशी लिंकरची तक्रार आली तर घाबरू नका. मॅलॉकला शून्य माप दिल्यावर काय मिळतं हे न कळल्याने त्याने पर्यायी मॅलॉक गृहीत धरलंय. कॅशमधल्या त्या व्हेरिएबलला 'यस' किंमत द्या, किंवा ती तपासणीच काढा.

इथवर पर्याय लिहा, पर्याय लिहा म्हणत आलो. पण काही ठिकाणी पर्याय लिहिणंच घातक. गेटएन्ट्रॉपी (अंदाज न बांधता येणारे बाइट देणारं) नाही म्हणून रँड वापरणं, एक्स्प्लिसिट_बीझीरो (मेमरी नक्की पुसणारं) नाही म्हणून साधं मेमसेट करणं. दुसऱ्यात कंपाइलरला दिसतं की हा बफर पुढे कोणी वाचत नाही, आणि तो मेमसेटची ओळच उडवतो, पासवर्ड मेमरीत तसाच. अशा जागी 'व्हई जाई' म्हणून चालत नाही. विंडोजवर सिक्युअरझीरोमेमरी आहे, ते घ्या, आणि ओळखीचं काहीच सापडलं नाही तर एररचा डायरेक्टिव्ह टाकून कंपाइल थांबवा. अडलेला बिल्ड दिसतो, कच्चा पर्याय दिसत नाही.

ग्नूलिबबद्दल. ते उत्तम काम आहे. लायब्ररी म्हणून जोडायचं नसतं, हवी ती मॉड्यूल्स आपल्या कोडमध्ये आणायची असतात, आणि वर सांगितलेल्या बहुतेक खाचाखोचा त्यांनी आधीच भरल्या आहेत. पण ते ऑटोकॉन्फच्या चौकटीत बसवलेलं आहे, आणि प्रत्येक मॉड्यूलचा परवाना बघावा लागतो, काही जीपीएल, काही एलजीपीएल. जिनिंगचा मालक बंद सोर्स मागत असेल तर हे आधीच बोलून घ्या. तुमच्या यादीतली पाच-सहा फंक्शनं बघता मला ग्नूलिब जड वाटतं. स्वतःची एक काटा_सुसंगती.सी फाइल पुरेल. यादी वीस-पंचवीसवर गेली, वाइड कॅरेक्टर किंवा रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये शिरलात, तर मत बदलीन.

ती फाइल लिहिल्यावर ती चालते का, हे तुमच्या उबुंटूवर आपोआप कळणार नाही, कारण तिथे बरीच मूळ फंक्शनं आहेतच आणि पर्याय कंपाइलही होत नाहीत. म्हणून एक बिल्ड असा ठेवा ज्यात सगळे पर्याय जबरदस्तीने चालू. ऑटोकॉन्फमध्ये कॉन्फिगर चालवताना एसी_सीव्ही_फंक_स्ट्रएलकॉपी ला 'नो' दिलं की झालं. मसलसाठी दर वेळी राउटरवर प्रोग्राम चढवत बसू नका, अल्पाइन लिनक्सच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा, लायब्ररी तीच. तिथे आणखी एक गोष्ट सापडेल: मसलमध्ये नव्या थ्रेडचा स्टॅक मुळात १२८ किलोबाइट, ग्लिबसीवर साधारण ८ मेगाबाइट. सिरियल वाचणाऱ्या थ्रेडमध्ये मोठा लोकल अॅरे असेल तर राउटरवर तो तिथेच कोसळेल. अॅरे मॅलॉकवर न्या किंवा थ्रेड तयार करताना स्टॅकचं माप स्वतः द्या.

राहिलं एक, जे तुम्ही विचारलं नाही पण पुढच्या हंगामात विचाराल. नव्या उबुंटूवर बिल्ड केलेला प्रोग्राम जुन्या उबुंटूवर नेला की 'ग्लिबसी_२.३८ सापडत नाही' असं येतं, आणि तुम्ही कोडमध्ये नवं काही वापरलेलंही नसतं. कारण बहुधा स्ट्रटोएल, मजकुरातून आकडा वाचणारं फंक्शन. सी२३ या सीच्या नव्या प्रमाणात त्याला ०बी ने सुरू होणारे बायनरी आकडे वाचता यायला हवेत, म्हणून ग्लिबसी २.३८ पासून _ग्नू_सोर्स असेल तर हेडर तुम्हाला गुपचूप नव्या नावाच्या आवृत्तीकडे वळवतं. इंडिकेटरचं वजन वाचायला तुम्ही तेच वापरता. तेव्हा गिऱ्हाइकांकडचं सगळ्यात जुनं उबुंटू कोणतं ते विचारून घ्या आणि त्याच आवृत्तीच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा.